मीटर बोर्ड अंधारला? आधी गाडीच्या मागे जाऊन बघा! जुन्या जीप, मॅटॅडोर आणि ट्रॅक्टरच्या वायरिंगची क्रमवार तपासणी

छत्रपती संभाजीनगर : पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, सिल्लोड या तालुक्यांत पंचवीस-तीस वर्षांच्या गाड्या आजही रोज कामाला जुंपलेल्या दिसतात. कुणाकडे जुनी महिंद्रा जीप आहे, कुणाकडे बजाज टेम्पोची मॅटॅडोर, कुणाकडे मॅसी १०३५ किंवा महिंद्रा बी-२७५ ट्रॅक्टर. मॅटॅडोरचे उत्पादन कधीच थांबले आणि बजाज टेम्पो कंपनीचे नाव २००५ पासून फोर्स मोटर्स झाले. तरी बँड पथकाची गाडी, फिरते दुकान, चहाची गाडी, आत खाट-शेगडी बसवून देवदर्शनाला न्यायची गाडी अशा रूपांत ती गावोगावी टिकून आहे. या सगळ्या गाड्यांचे इंजिन दणकट असते. दुखणे येते ते वायरिंगचे, आणि बहुतेक वेळा ते सर्वांत आधी मीटर बोर्डावर दिसते.

मीटरचे दिवे लागत नाहीत, कधी लागतात कधी जातात, खड्ड्यात गाडी आदळली की पेटतात, ही तक्रार नेहमीची. आणि तिच्यावरचे उत्तरही नेहमीचेच : "राहू द्या, हेडलाइट चालू आहेत ना!" हे उत्तर धोक्याचे आहे. कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत मीटरचे दिवे, पुढचे पार्किंग दिवे, मागचा लाल टेल लॅम्प आणि नंबर प्लेटचा दिवा यांना एकाच स्विचमधून आणि एकाच फ्युजमधून करंट जातो. मीटर बोर्ड अंधारला म्हणजे गाडीची मागची बाजूही अंधारलेली असू शकते. ड्रायव्हरला पुढचा रस्ता लख्ख दिसतो, पण मागून येणाऱ्याला ही गाडी दिसतच नाही. उसाच्या गळीत हंगामात रात्री रस्त्याने ट्रॉल्या चालू असतात, तेव्हा हाच अंधार जिवावर बेततो.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा. मीटरचे दिवे गेले की बोर्ड उघडण्याआधी खाली उतरा आणि गाडीच्या मागे जाऊन बघा.

दिवे दोन घराण्यांचे

मीटर बोर्डावर दोन प्रकारचे दिवे असतात. त्यांची गल्लत केली की दुरुस्ती भलतीकडेच जाते.

पहिले उजेडाचे दिवे. हे मीटरच्या आत असतात आणि काटे रात्री दिसावेत एवढेच त्यांचे काम. त्यांना करंट लाइटच्या स्विचच्या पार्किंगच्या टप्प्यातून मिळतो. काही गाड्यांत मध्ये उजेड कमी-जास्त करायचे बटण, म्हणजे डिमर, असते.

दुसरे इशाऱ्याचे दिवे. ऑइलचा आणि चार्जिंगचा दिवा हे त्यातले महत्त्वाचे. त्यांना करंट चाबीच्या स्विचमधून मिळतो. ऑइलच्या दिव्याची दुसरी वायर इंजिनवरच्या ऑइल स्विचकडे जाते. ऑइलचा दाब नसेल तेव्हा तो स्विच वायरला अर्थिंग देतो आणि दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन दाब तयार झाला की अर्थिंग तुटते आणि दिवा विझतो.

याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून फक्त चाबी फिरवा. ऑइल आणि चार्जिंग हे दोन्ही दिवे लागलेच पाहिजेत. इंजिन सुरू झाल्यावर दोन्ही विझले पाहिजेत. चाबी फिरवूनही जो दिवा लागत नाही, तो इंजिन बिघडले तरी इशारा देणार नाही. ऑइलचा दिवा इंजिन चालू असताना पेटला किंवा पेटलेलाच राहिला, तर "वायरिंगचा दोष असेल" असे म्हणून पुढे जाऊ नका. इंजिन लगेच बंद करा, काडी काढून ऑइल बघा, मग वायरिंगकडे वळा. काही ट्रॅक्टरवर दिव्याऐवजी दाबाचा काट्याचा मीटर असतो. तिथे काट्यावर नजर ठेवायची. रात्री तो काटा दिसावा म्हणून तरी मीटरचा दिवा चालू हवा.

कामाला लागण्यापूर्वी

फार हत्यारे लागत नाहीत. १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन वायरी आणि एक चिमटा यांचा घरगुती टेस्ट लॅम्प बनवा. सोबत साधा मल्टिमीटर, बारीक पॉलिश पेपर, योग्य अँपिअरचे चार फ्युज, इन्सुलेशन टेप आणि डोक्याला बांधायची बॅटरी असली की झाले.

हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. बोर्ड उघडताना किंवा वायर कापताना बॅटरीची मायनस वायर आधी सोडा आणि काम संपल्यावर ती सर्वांत शेवटी जोडा. प्लसचा नट सोडताना पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते. मायनस आधी सुटलेली असेल तर हा धोका राहत नाही. करंट तपासताना बॅटरी अर्थातच जोडावी लागेल. मात्र वायर बॉडीला घासून ठिणगी पाहण्याची जुनी सवय सोडा. तिने फ्युज जातो, आणि फ्युज नसेल तर वायरच जळते.

फार जुन्या ब्रिटिश बनावटीच्या काही ट्रॅक्टरांत बॅटरीचा मायनस नव्हे तर प्लस बॉडीला जोडलेला असे. तुमच्या गाडीत कोणता टोक बॉडीला आहे ते आधी बघा. खाली जिथे मायनसला अर्थिंग म्हटले आहे, तिथे अशा गाडीत उलटे समजायचे.

तपासणी या क्रमाने करा

पायरी १ : काय काय बंद आहे ते मोजा. लाइटचा स्विच पार्किंगवर ठेवा. मीटर, पुढचे पार्किंग, टेल लॅम्प, नंबर प्लेट अशी यादी करा. सगळेच बंद असेल तर दोष फ्युज, स्विच किंवा तिथपर्यंत येणाऱ्या वायरीत आहे. बाकी सगळे चालू आणि फक्त मीटर अंधारात असेल तर डिमर, मीटरकडे जाणारी वायर किंवा मीटरची अर्थिंग बघा. एकच कोपरा अंधारात असेल तर तो बल्ब किंवा त्याचा होल्डर. काही गाड्यांत डाव्या आणि उजव्या बाजूला वेगळे फ्युज असतात आणि मीटर त्यातल्या एकावर असतो. म्हणून दोन्ही बाजूंचे टेल लॅम्प बघा. एवढ्या दोन मिनिटांच्या यादीने अर्धे काम होते.

पायरी २ : फ्युज. नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. काचेचा फ्युज आतून अखंड दिसला तरी टोकाशी तुटलेला असू शकतो. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला लावा, स्विच चालू ठेवा आणि दुसरे टोक फ्युजच्या दोन्ही बाजूंना टेकवा. दोन्हीकडे लॅम्प लागला तर फ्युज ठीक. एकाच बाजूला लागला तर फ्युज गेला आहे किंवा त्याच्या पट्ट्यांवर गंज आहे. दोन्हीकडे लागला नाही तर करंट फ्युजपर्यंत येतच नाही, स्विचकडे चला. पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर असेल तर पॉलिश पेपरने घासा आणि पट्ट्या थोड्या आत दाबून फ्युज घट्ट बसवा.

पायरी ३ : बल्ब आणि होल्डर. बल्ब काढून थेट बॅटरीवर लावून बघा. मीटरचे बल्ब लहान असतात, साधारण २ ते ५ वॅटचे. जुना बल्ब दुकानात दाखवूनच नवा घ्या. उजेड जास्त पडावा म्हणून मोठ्या वॅटचा बल्ब बसवला तर उष्णतेने होल्डर आणि मीटरचे प्लास्टिक वितळते. बल्ब चांगला असेल तर होल्डर बघा. धूळ, ओल आणि गंज यांमुळे आतली पितळी पट्टी काळी पडते. ती घासली की पुष्कळदा दिवा लगेच लागतो.

पायरी ४ : अर्थिंग. जुन्या गाडीत सर्वांत जास्त दगा देणारी जागा हीच. करंट बल्बपर्यंत नीट पोहोचतो, पण परत जायला वाट नसते. मीटर लोखंडी बोर्डावर असेल तर रंग आणि गंज आड येतात. बॉडी बिल्डरने लाकडी किंवा फायबरचा बोर्ड बसवला असेल तर अर्थिंगसाठी वेगळी वायरच लागते. परीक्षा अशी : एक लांब वायर घ्या, तिचे एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरे मीटरच्या धातूच्या भागाला किंवा अर्थिंगच्या स्क्रूला लावा. दिवे लागले किंवा मंद होते ते लख्ख झाले, तर दोष सापडला. मल्टिमीटर असेल तर दिवे चालू ठेवून मीटरची अर्थिंग आणि बॅटरीचा मायनस यांच्यातला व्होल्टेज मोजा. तो ०.२ व्होल्टच्या आत असावा. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त आला तर अर्थिंग खराब समजा. थिंबल मारलेली नवी काळी वायर मीटरपासून चासीच्या घासून स्वच्छ केलेल्या बोल्टला कसा.

पायरी ५ : डिमर आणि स्विच. डिमरचे बटण दहा-बारा वेळा पूर्ण इकडून तिकडे फिरवा. दिवे लुकलुकले तर आतली तार किंवा पट्टी खराब आहे. डिमरच्या दोन्ही टोकांवर टेस्ट लॅम्प लावा. येणाऱ्या टोकावर करंट आहे आणि जाणाऱ्यावर नाही, तर डिमर बदला. स्विचचीही परीक्षा अशीच. थोडा वेळ दिवे चालू ठेवल्यावर स्विच हाताला गरम लागत असेल तर आतले पॉइंट जळत आले आहेत.

फ्युज पुन्हा पुन्हा जात असेल तर

इथेच सर्वांत मोठी चूक होते. फ्युज गेला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी, तांब्याची जाड तार, नाहीतर थेट खिळा लावला जातो. दिवे लागतात आणि गाडी मार्गी लागते. पण हिशेब बघा. मीटरचे ३ वॅटचे चार दिवे म्हणजे १२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर जेमतेम १ अँपिअर. टेल आणि पार्किंग मिळून आणखी दोन-तीन अँपिअर. आणि शॉर्ट झाल्यावर बॅटरी शेकडो अँपिअर सोडू शकते. मध्ये खिळा असेल तर वितळायला फ्युज उरत नाही, मग बोर्डामागची वायर पेटते. तिच्या शेजारून जाणाऱ्या वायरीही सोबत जळतात. फ्युजवर किंवा गाडीच्या पुस्तकात जेवढे अँपिअर लिहिले आहेत तेवढाच फ्युज बसवा.

शॉर्ट शोधायची गॅरेजमधली युक्ती अशी. गेलेला फ्युज काढा आणि त्याच्या दोन पट्ट्यांत १२ व्होल्ट २१ वॅटचा ब्रेक लाइटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण तेजाने लागतो, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या पुढे जात नाही, त्यामुळे वायर जळत नाही. आता एकेक फाटा सोडत जा. ट्रॅक्टर असेल तर सर्वांत आधी ट्रॉलीचा प्लग काढा. मग टेल लॅम्प, मग नंबर प्लेट, मग मीटर. ज्या फाट्याला सोडल्यावर बल्ब एकदम मंद होतो किंवा विझतो, दोष त्याच फाट्यात. चासीच्या कडेला घासलेली वायर, पत्र्याच्या भोकातून रबर न लावता ओढलेली वायर आणि उंदराने कुरतडलेली वायर या तीन जागा आधी बघा. कापूस, कडबा किंवा धान्याच्या पोत्यांजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांचा उपद्रव हमखास.

ट्रॉलीचा प्लग : दोष मागे, अंधार पुढे

ट्रॉलीची वायर रस्त्यावर लोंबते, हुकाच्या पिनमध्ये चेपते, उसाच्या पाचटात अडकून ओढली जाते. ती शॉर्ट झाली की ट्रॅक्टरचा फ्युज जातो आणि मीटर अंधारतो. म्हणजे पुढचा दिवा मागच्या वायरीमुळे गेलेला असतो.

सात पिनांच्या सॉकेटमध्ये आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १ आणि ४ नंबरच्या पिना डाव्या-उजव्या इंडिकेटरच्या, ३ नंबर अर्थिंगची, ५ आणि ७ टेल लॅम्पच्या, तर ६ नंबर ब्रेकची असते. स्थानिक जोडणीत अदलाबदल सर्रास होते, म्हणून टेस्ट लॅम्प लावून खात्री करा. अर्थिंगची वायर न टाकता हुकाच्या लोखंडावर भागवले असेल तर ग्रीस आणि गंजामुळे ट्रॉलीचे दिवे भुतासारखे वागतात : इंडिकेटर दिला की टेल लॅम्प लुकलुकतो, ब्रेक दाबला की सगळेच मंद होतात. ३ नंबरला स्वतंत्र वायर जोडली की हा खेळ थांबतो. आणि दिवे चालू असले तरी ट्रॉलीच्या मागे आणि बाजूंना रेडियम पट्टी हवीच. बल्ब जाईल, फ्युज जाईल, पट्टी मागच्या गाडीच्या उजेडात चमकत राहील.

चार्जिंगच्या दिव्याला कमी समजू नका

ऑल्टरनेटर असलेल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याला सुरुवातीचा करंट चार्जिंगच्या दिव्यातूनच मिळतो. तो बल्ब गेला की ऑल्टरनेटर चार्जिंग सुरूच करत नाही किंवा इंजिनचा वेग खूप वाढवल्यावर करतो. मालक नवी बॅटरी घेतो, ऑल्टरनेटर उघडतो, आणि दोष निघतो छोट्याशा बल्बमध्ये. म्हणून या जागी तेवढ्याच वॅटचा साधा बल्ब ठेवा, एलईडी बसवू नका. एलईडीतून लागतो तेवढा करंट जात नाही. उजेडाच्या दिव्यांना एलईडी चालतो, फक्त प्लस-मायनस उलटे झाले तर तो लागत नाही आणि जुन्या डिमरने नीट कमी-जास्त होत नाही.

चार्जिंग ठीक आहे का, हे मल्टिमीटरने कळते. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले पाहिजेत.

आणखी एक खूण. डिझेलचा आणि टेंपरेचरचा असे दोन्ही काटे एकाच वेळी जास्त दाखवू लागले तर दोन्ही सेन्सर एकदम बिघडले असे समजू नका. काही जुन्या मीटरांत दोन्ही काट्यांना एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून सुमारे १० व्होल्ट मिळतात. त्याची अर्थिंग सुटली की दोन्ही काटे वर जातात.

रंगांवरून माग काढा

ब्रिटिश लुकास पद्धतीच्या वायरिंगमध्ये काळी वायर अर्थिंगची, तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी चाबीतून येणारी, हिरवी चाबीनंतर फ्युजमधून गेलेली, लाल पार्किंग आणि टेलची, लालवर पांढरी रेघ मीटरच्या दिव्यांची, निळी हेडलाइटची, पांढरीवर तपकिरी रेघ ऑइलच्या दिव्याची आणि तपकिरीवर पिवळी रेघ चार्जिंगच्या दिव्याची. आपल्याकडच्या अनेक जुन्या गाड्या-ट्रॅक्टरांत हे रंग सापडतात, पण सगळ्यांत नाही. मधल्या वर्षांत कुणीतरी हाताला लागेल त्या रंगाची वायर जोडलेली असतेच. म्हणून रंगावरून अंदाज करा आणि टेस्ट लॅम्पवरून निर्णय. वायर सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला कागदी पट्टी चिकटवून नाव लिहा.

आत संसार मांडलेल्या गाड्या

मॅटॅडोर किंवा व्हॅनमध्ये पंखा, एलईडी पट्टी, साउंड, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर बसवताना सोपी जागा म्हणून मीटर बोर्डामागच्या वायरीलाच फाटा काढला जातो. ती बारीक वायर दोन-चार छोट्या दिव्यांसाठी असते. तिच्यावर हा भार टाकला की आधी मीटरचे दिवे मंद होतात, मग जोड गरम होतो. राहण्याच्या भागाची वायर बॅटरीपासून वेगळी, जाड आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्युज लावून न्या. शक्य असेल तर तिथे दुसरी बॅटरीच ठेवा. गाडीत गॅस शेगडी असेल तर वायरिंगला हात लावण्यापूर्वी सिलिंडर बंद करून बाहेर काढा आणि दारे उघडी ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने फरशीलगत साचतो आणि ठिणगीची वाट बघत बसतो.

वायरमनकडे कधी जायचे?

बोर्डामागून जळका वास येत असेल, वायरीचे आवरण वितळले असेल, फ्युज नसतानाही एखादी वायर गरम होत असेल, किंवा चाबीचा स्विच गरम होत असेल, तर बॅटरी सोडून ठेवा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्याला "लाइट जातात" एवढेच सांगू नका. कोणते दिवे एकत्र जातात, कधी जातात, फ्युज किती अँपिअरचा होता, हे पायरी १ ची यादी दाखवून सांगा. त्याचा वेळ वाचेल आणि तुमची मजुरीही.

खासगी गाडी आणि शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी आरटीओत दिवेही तपासले जातात. पण पाच वर्षांतून एकदा दिवे चालू असून भागत नाही. रोज संध्याकाळी निघण्यापूर्वी चाबी फिरवून इशाऱ्याचे दोन दिवे बघा, पार्किंग लावून मीटर बघा आणि मागे एक चक्कर मारा. एवढ्याला एक मिनिटही लागत नाही.